डार्करूम मोडू नका

कोल्हापुरातल्या आमच्या फोटोग्राफर मंडळाची डार्करूम मोडून तिथे लग्नाचे अल्बम डिझाइन करायला कॉम्प्युटर बसवायचं जवळजवळ ठरलं आहे. चुलतभावाने ही बातमी कळवली आणि सोबत मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी स्थानिक दैनिकात लिहिलेल्या लेखाचं कात्रणही पाठवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मागणी नाही म्हणून फिल्म मेली, कोडॅकसारखी कंपनी बुडाली तिथे आपली काय कथा, आणि आता फिल्मचा आग्रह म्हणजे पैसेवाल्यांचे आणि परदेशात बसलेल्यांचे चोचले. माझं नाव त्यात नाही. पण मंडळाच्या जुन्या लोकांपैकी परदेशात बसलेलं आणखी कोण आहे?

चोचल्यांचं नंतर बघू. आधी ते 'मागणी नाही म्हणून मेली'.

मी इंग्लंडमध्ये राहते तिथून मॉबर्ली हे गाव फार लांब नाही. मँचेस्टर विमानतळाच्या पलीकडे, शेतांच्या मध्ये, फिल्म बनवणाऱ्या इल्फर्ड कंपनीचा कारखाना आहे. 2004 मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत निघाली. लेख लिहिणाऱ्यांच्या हिशेबाने तिथेच विषय संपायला हवा होता. पण 2005 मध्ये कंपनीतल्याच सहा व्यवस्थापकांनी ब्लॅक अँड व्हाइटचा धंदा विकत घेतला आणि 1879 साली इल्फर्ड सुरू करणाऱ्या अल्फ्रेड हार्मन यांचं नाव देऊन तो चालवला. एचपी5, एफपी4, डेल्टा हे सगळे रोल आजही तिथे बनतात. 2023 च्या अखेरीस त्यांनी फिनिक्स नावाचा रंगीत रोलसुद्धा बाजारात आणला. माझी मुलगी ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, फोटोग्राफी शिकते, तिच्या कॉलेजात डार्करूम आहे आणि पोरं तिथे रांग लावून प्रिंट काढतात. कुणी त्याला चोचले म्हणत नाही.

फिल्म का आटत गेली, हे ज्यांनी हाताने रोल धुतले आहेत त्यांना तरी नीट माहीत पाहिजे. जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार कालवून त्याचे थर प्लास्टिकच्या रुंद पट्ट्यावर मिट्ट काळोखात चढवायचे. एका रंगीत रोलमध्ये असे डझनावर थर असतात. हे करणारी यंत्रं बांधली गेली ती घरोघरी रोल खपत होते त्या काळाच्या मापाने. लग्नाच्या पंगतीचं पातेलं चार माणसांच्या भातासाठी चुलीवर चढवता येत नाही, तशी ही यंत्रं थोडक्यासाठी चालवता येत नाहीत. एखादं रसायन पुरवणारा कारखाना बंद पडला की अख्खा रोल बंद पडतो. फुजीने 2021 मध्ये प्रो 400एच हा रंगीत रोल बंद केला तेव्हा हेच कारण दिलं होतं, कच्चा माल मिळेना. लग्नाचे फोटो काढणारी माणसं तो रोल शेवटपर्यंत मागत होती! त्याच फुजीने निओपॅन अक्रॉस हा ब्लॅक अँड व्हाइट रोल 2018 मध्ये थांबवला आणि पर्यायी माल सापडल्यावर 2019 मध्ये दुसरी आवृत्ती काढली. कोडॅकने 2012 मध्ये बंद केलेला एक्टाक्रोम 2018 मध्ये परत आला, टी-मॅक्स पी3200 चंही तसंच झालं. दिवाळखोरीचा अर्ज कोडॅकने 2012 च्या जानेवारीत केला हे खरं, पण अमेरिकेत रॉचेस्टरला त्यांची फिल्म आजही बनते. ती टिकली त्याला मोठं कारण हॉलिवूडचं. तिथल्या काही दिग्दर्शकांनी रेटा लावला आणि 2015 मध्ये बड्या स्टुडिओंनी ठरावीक फिल्म दरवर्षी विकत घेण्याचे करार केले. जगात सगळ्यात जास्त सिनेमे काढणारा देश आपला. आपल्या निर्मात्यांनी असं एकत्र बसून दोन ओळींचं पत्र लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि आपण तर स्वतः फिल्म बनवत होतो. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना 1960 मध्ये स्थापन झाला, 1967 पासून तिथून 'इंदू' छापाची फिल्म बाहेर पडायला लागली. काकांच्या शाहूपुरीतल्या स्टुडिओत इंदूच्या ब्रोमाइड पेपरचे डबे मी पाहिले आहेत. पुढे एक्स-रे फिल्मच्या मोठ्या प्रकल्पाचं कर्ज, उदारीकरणानंतर स्वस्त झालेली आयात, आणि 1996 मध्ये कारखाना आजारी म्हणून जाहीर. त्यानंतर वर्षानुवर्षं तो कसाबसा रखडत राहिला आणि शेवटी बंद पडला. मॉबर्लीत सहा माणसं पुढे आली, उटीला कुणी आलं नाही. सरकारी कारखाना असा कामगारांना विकत घेता आला नसता, असं भाऊ म्हणतो. नसेल. पण त्या वेळी फोटोग्राफरांच्या एकाही मंडळाने त्यावर चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही, आणि आज तीच मंडळं 'मागणी नव्हती' म्हणून मोकळी होतात.

बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमाराला स्वतः कॅमेरा बनवला, त्या गावात हे चाललंय. खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभाला हार घालायचा आणि डार्करूमला कुलूप.

काका डेव्हलपर, म्हणजे रोल धुवायचं रसायन, विकत आणत नसत. मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम, बोरॅक्स 2 ग्रॅम, एक लिटर पाण्याला. हा डी-76 नावाचा डेव्हलपर आहे, आणि याचं माप जगभर उघडं आहे. काका आधी पाणी कोमट करत, चिमूटभर सल्फाइट टाकत, मग मेटॉल. क्रम चुकला तर मेटॉल नीट विरघळत नाही. सगळं मिसळून झालं की तपकिरी बाटलीत भरून पट्टीवर तारीख लिहायची. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद बुडवला की ट्रेचा एक कोपरा सारखा उचलत राहायचं, आणि आधी केस दिसतात, मग भुवया, चेहरा सगळ्यात शेवटी. नऊवारीतल्या सावळ्या बाईचा चेहरा लवकर काळा पडू नये म्हणून ते एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, हाताची सावली धरायचे. मी त्यांच्याकडून प्रिंट काढायला शिकले आणि नंतर मंडळाच्या डार्करूममध्ये हात बसला. हे सगळं शिकायला मला एक पैसा पडला नाही.

आता चोचले. भाऊ फोनवर म्हणाला, "अगं, तुला पाऊंडात पगार आहे, तुला काय जातंय रोल महाग म्हणायला." इथे एचपी5 चा एक रोल आठ-नऊ पाऊंडांना पडतो, वर धुणं आणि स्कॅनचे वेगळे. कोल्हापुरात तोच रोल पुण्या-मुंबईतून मागवावा लागतो आणि छत्तीस फोटोंसाठी हजाराच्या घरात पैसे मोजावे लागतात. पोट फोटोग्राफीवर असलेल्या माणसाने ते रोज मोजावेत असं मी म्हणत नाही. लग्नं डिजिटलवरच काढावीत. पण डार्करूम लग्नांसाठी नव्हतीच.

ती कशासाठी होती हे भावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा त्याची हार्ड डिस्क आणि काकांच्या निगेटिव्हची पेटी दोन्ही पाण्यात गेली. डिस्क कायमची गेली. निगेटिव्हमधल्या बऱ्याच एकमेकींना चिकटून वाया गेल्या. पण उरलेल्या त्याने सुकू न देता, बादलीतल्या पाण्यातच ठेवून, मंडळाच्या डार्करूममध्ये नेल्या, नळाखाली धुतल्या, चिमटे लावून दोरीवर टांगल्या. पाकिटांवरची शाईने लिहिलेली नावं धुऊन गेली होती. त्यामुळे आज त्याच्याकडे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कोल्हापूरकर आहेत आणि त्यातला कोण कुठला ते सांगता येत नाही. मागच्या सुट्टीत गेले तेव्हा आत्याने चष्मा लावून, निगेटिव्ह खिडकीकडे धरून, दोन पैलवान आणि एका शाळामास्तरांना ओळखलं. मास्तरांना तर त्यांच्या टोपीवरून. हे ज्या खोलीत वाचलं ती खोली मोडायच्या बाजूने माझ्याच भावाने हात वर करायचं ठरवलंय, आणि मी विचारलं की म्हणतो, काळाप्रमाणे चालावं लागतं.

त्याचा एक टोला मात्र मला परतवता आला नाही. तो म्हणाला, "तू असतीस इथे तर वेगळं. तू वर्गणी भरत नाहीस, सभेला येत नाहीस." खरं आहे. कोल्हापुरात माझं आता काय उरलंय? घर भावाच्या नावावर, माहेरची गल्ली ओळखू येत नाही, रंकाळ्यावर गेले की कुणाची कोण असं विचारतात. इथेही मी इथली झालेले नाही, मुलगी झाली. मंडळाच्या डार्करूममध्ये हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, डबा कुठल्या फळीवर, एन्लार्जरची कुठली खुंटी सैल आणि नळ कुठवर फिरवला की गळतो, हे मला काळोखातही माहीत आहे. त्या गावात अशी दुसरी जागा मला नाही. डार्करूमसाठी मी एवढी भांडते त्यात हे आहे, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही. पण म्हणून मॉबर्लीचा कारखाना खोटा ठरत नाही आणि पुरातून वाचलेल्या निगेटिव्हही खोट्या ठरत नाहीत.

म्हणून सभेपुढे हे ठेवा. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत बसवा, डार्करूमला हात लावू नका. शंभर फुटांची फिल्म एकदम मागवली तर छत्तीसचे अठरा-एकोणीस रोल घरी भरता येतात आणि रोलमागे खर्च बराच उतरतो. रिकामी कॅसेट आणि रोल भरायचं यंत्र मी पाठवते, पहिल्या फिल्मचे पैसेही देते. डेव्हलपरची रसायनं लक्ष्मीपुरीतून आणा, माप वर दिलं आहे. कलानिकेतनच्या पोरांना आठवड्यातून एक संध्याकाळ खोली उघडून द्या आणि मंडळातल्या ज्या तिघा-चौघांना हाताने प्रिंट काढता येते त्यांना तिथे बसवा. ते सत्तरीला आले आहेत. वर्गणीची मागची सगळी थकबाकी मी या महिन्यात भरते, म्हणजे माझा हातही मोजावा लागेल.