पाच वर्षांनी पुन्हा पाण्यात

डॉक्टर आणि अभियंत्यांची पात्रता ठरावीक काळाने पुन्हा तपासावी, ही लेखातील सूचना वाचून, वास्कोत राहणारा आणि २८ वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस म्हणून मला नवल वाटले ते एवढेच, की हे अजून सूचनेच्याच पायरीवर आहे. आमच्याकडे १९७८च्या एसटीसीडब्ल्यू या, जहाजावरील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण व प्रमाणपत्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अधिकाऱ्याला आपले सक्षमता प्रमाणपत्र दर पाच वर्षांच्या आत पुन्हा वैध करून घ्यावे लागते. त्यासाठी वैद्यकीय तंदुरुस्तीबरोबरच अलीकडची समुद्रसेवा किंवा तिचा मान्य पर्याय दाखवावा लागतो. या करारातील २०१०च्या मनिला दुरुस्त्यांनंतर अग्निशमन आणि जीवरक्षण यांतील कौशल्यही दर पाच वर्षांनी सिद्ध करावे लागते. कारण उघड आहे: उलटलेला तराफा पाण्यात सरळ करणे किंवा श्वसनयंत्र लावून धुरात शिरणे ही कामे वर्षानुवर्षे प्रत्यक्ष करावी लागत नाहीत (आणि न लागोत!), त्यामुळे हात ती विसरतात.

लेखकाने एक बाजू मात्र सोडली. एका संस्थेतील उजळणीत आम्हांला नुसती चित्रफीत दाखवली, सह्या घेतल्या आणि पाण्यात न उतरवताच प्रमाणपत्र दिले; जहाज चार दिवसांवर आले होते, म्हणून मीही ते मुकाट्याने घेतले. डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीत पाच वर्षांत ३० तासांचे निरंतर शिक्षण सांगितलेले आहेच, पण तास मोजले की हजेरी कळते, हात कळत नाही. फेरतपासणी आणायचीच, तर परीक्षक शिकवणाऱ्या संस्थेचा नसावा आणि शुल्क नोकरी देणाऱ्याने भरावे.