अजून एकमध्येच?

चाळिशी उलटल्यावर गाणं शिकायला गेलात की पहिला प्रश्न येतो, "मुलगा की मुलगी?" स्वतःसाठीच आलोय म्हटलं, तर टेबलामागच्या मॅडम फॉर्मवरच्या 'पालकाची सही' या रकान्याकडे हताशपणे बघत राहिल्या. तिथे मीच सही ठोकली आणि बाकावर जाऊन बसलो. बाकावर एक आजोबा होते. नात आत भूप राग घोटत होती आणि आजोबा बाहेर प्रवेशपरीक्षा घेत होते.

"पट्टी कोणती तुमची?"

मला बरं वाटलं. त्या क्लासात शिरल्यापासून कुणीतरी कामाचं विचारलं होतं. पट्टी म्हणजे पेटीच्या कुठल्या पांढऱ्या किंवा काळ्या पट्टीवर आपण आपला सा धरतो ते.

"पांढरी एक. आवाज तापला की काळी एक."

आजोबांचा चेहरा पडला. "अजून एकमध्येच?"

"अहो, ती पट्टी..."

"किती वर्षं झाली एकमध्ये?"

"पुरुषांचा आवाज साधारण तिथेच असतो. पांढरी एक ते काळी दोन."

"आमची नात पहिल्या दिवसापासून पाचात. काळी पाच! सरांनी डायरेक्ट पाचातच घेतली."

"मुलींचा आवाज मुळातच वरच्या पट्टीचा..."

"आवाजाचं नाही हो, ग्रास्पिंग चांगलंय तिचं." मग जवळ सरकून, दबक्या आवाजात, "आणि तुमची त्यात पांढरी. काळीवर गेल्याशिवाय दहावीला मार्क धरत नाहीत म्हणे."

भले भले गवई पांढरी एकच्या आसपास आयुष्यभर गायले, असं मी सांगून पाहिलं. "त्यांचं वेगळं," आजोबा म्हणाले. "तेव्हा कॉम्पिटिशन कुठे होती?" माझी दया येऊन त्यांनी पुढे तोडगाही काढला. "सरांशी बोलून बघा, दोनमध्ये तरी घालतील. नाहीच जमलं, तर आमच्या सोसायटीत भजनी मंडळ आहे. तिथे पट्टीबिट्टी विचारत नाहीत."

हे जरा लागलंच. शिवाय ते चूकही आहे. वारकरी भजनाची पट्टी चांगली चढी असते. पांढरी एकवाल्याला तिथे पहिल्याच अभंगात घाम फुटतो.

पण आजोबांवर राग काढून काय उपयोग? पट्टी म्हणजे इयत्ता, हा समज त्यांना त्या क्लासानेच करून दिलेला. आत गेल्यावर सरांनी माझा आवाज ऐकलाच नाही. पेटीवर काळी पाच दाबली आणि म्हणाले, "हं, लावा सा."

काळी पाचात सामान्य पुरुषाची दोन्हीकडून कोंडी होते. सा वरचा धरला, तर तार षड्जाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा-ला, मानेच्या शिरा फुगतात. खालचा धरला, तर मंद्र पंचमाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प-ला, नुसती हवा. रोज अर्धा तास असं ओरडलं की घसा बसतो, आणि मग सर म्हणतात, रियाज कमी पडतोय. खरं तर पट्टी काढायला फार वेळ लागत नाही. आकारात, म्हणजे 'आ' म्हणत, आरामात लागेल असा सा धरायचा, तिथून मंद्र पंचमापर्यंत खाली उतरायचं, आवाज विरला तर पट्टी चढवायची. मग तार गंधार-मध्यमापर्यंत, म्हणजे वरच्या ग-म पर्यंत, वर जायचं, जबडा आवळला तर पट्टी उतरवायची. वयात येणाऱ्या मुलांची तर आवाज फुटताना पुन्हा पुन्हा तपासायला लागते. जो शिक्षक पहिल्या भेटीत एवढंही करत नाही, त्याच्या भिंतीवर कुणाकुणाबरोबर काढलेले फोटो आहेत ते मोजत बसू नये.

सगळे काळी पाचात का, याचं उत्तर साधं आहे. सरांची बोटं पेटीवर त्याच पट्टीत चालतात. यावर स्केल चेंजर पेटी हा उपाय आहे. तिच्यात सगळ्या पट्ट्या डावी-उजवीकडे सरकवता येतात, बोटं नेहमीच्याच जागी फिरतात आणि सूर मात्र बदलतो. त्या क्लासात होतीही एक. तिच्यावर परीक्षेच्या फॉर्मांचा गठ्ठा आणि चहाचा थर्मास ठेवला होता.

'वैयक्तिक शिकवणी' असं पाटीवर लिहिलं असलं, तरी वैयक्तिक म्हणजे किती जण हे आधी विचारून घ्यावं. इथे ते पाच निघाले. पाऊण तासाला पाच जण, त्यातली वीसेक मिनिटं सर स्वतः गाणार, राहिलेल्या वेळात सगळे एका सुरात 'सारेग रेगम'. आणि पूर्णवेळ पेटी चालू. शिष्य 'रे' म्हणायच्या आत पेटी 'रे' म्हणून मोकळी! अशा मुलाला नुसत्या तानपुऱ्यावर बसवलं की सा कुठे आहे तेच सापडत नाही.

पेटीला मी शिव्या देत नाही. तिला १९४० साली आकाशवाणीने बाहेर काढलं होतं, ते १९७१पर्यंत. एवढा वनवास काही तिच्या वाट्याला यायला नको होता. पण तिचा शुद्ध गंधार चढा असतो हे खरंच आहे. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर साधारण चौदा भाग. तानपुरा चांगला जुळला, जव्हारी (घोडीवर तारेला झंकार आणणारी घडण) नीट लागली, की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सा-च्या, तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो, तो खरा. शिक्षकाने तो ऐकवला पाहिजे. मोबाइलवरचा तानपुराही चालेल, पण पट्टी विद्यार्थ्याची हवी आणि रागाप्रमाणे पहिली तार बदलायला हवी. मालकंस रागात पंचमच नाही, तिथे ती मध्यमाला लावतात. सरांच्या मोबाइलवर पंचम, काळी पाच, आणि मधूनमधून व्हॉट्सअॅपची टुंग.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गुरूच्या घरी पाणी भरल्याशिवायही गाणं शिकता येईल अशी सोय झाली. मोठी गोष्ट. मग परीक्षा आल्या, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत. त्याही ठीक. पण दहावीला वाढीव गुण मिळायला लागल्यापासून पालक सरांना "किती परीक्षा होतील?" एवढंच विचारतात. त्यातली मध्यमा परीक्षा झालेल्या मुलाला हातावर तीनताल धरायला सांगावं. एक, पाच, तेरावर टाळी आणि नववर 'खाली', म्हणजे टाळी नाही. नुसता ताल जमतो. तोच धरून यमनची बंदिश म्हणायला सांगितली, की हात एकीकडे आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दुसरीकडे. वहीत मात्र सोळाच्या सोळा मात्रा लाल शाईने अधोरेखित केलेल्या.

म्हणून फी भरण्याआधी एक तास नुसतं बाजूला बसून दुसऱ्याची शिकवणी ऐकायला मागावी. सर मुलाला मध्येच थांबवतात का, तोच तुकडा पुन्हा म्हणून घेतात का, पेटी बंद करून ऐकतात का, तास रेकॉर्ड करू देतात का, हे तिथेच कळतं. मी मागितली. मॅडम म्हणाल्या, बसता येणार नाही, बाकीच्या पालकांची हरकत असते. तीन महिन्यांची फी आगाऊ, परत मिळणार नाही, रजा बुडीत.

आणि वेळ? प्रौढांची बॅच मंगळवारी आणि गुरुवारी, दुपारी अडीच ते सव्वातीन. नोकरी करणारे प्रौढ दुपारी अडीचला कुठे असतात असं या लोकांना वाटतं, कुणास ठाऊक. विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "संध्याकाळी सगळ्या बॅच मुलांच्याच असतात. तुमचं कोणी आहे का मुलगा-मुलगी? त्यांच्याबरोबर बसा हवं तर."