केळं पिकेना

रावेरच्या मामाला केळीच्या धंद्याची वेबसाइट करून द्यायची, एवढंच काम होतं. ‘कोड लिहायची गरज नाही, माउसने खेचा’ छापाचं सॉफ्टवेअर हाताशी होतं. पान तासाभरात झालं. मामाने पाहिलं आणि विचारलं, "हे निळं-जांभळं काय करून ठेवलं?"

म्हटलं, न उघडलेली लिंक निळी, उघडून झालेली जांभळी. ब्राउझरची रीतच आहे ती.

"आपल्याकडे भरताचं वांगंबी जांभळं नसतं भाऊ!"

आता यावर काय बोलणार? आमचं भरताचं वांगं हिरवंच. मग फर्मान निघालं: लिंक कच्च्या केळासारखी हिरवी, उघडून झालेली काळपट, आणि वर बाण नेला की पिवळीधम्मक. "हात लावला की पिकली पाह्यजे."

सॉफ्टवेअरच्या खिडकीत रंगांचे चौकोन होते. हौसेने आधी पिवळा निवडला, मग हिरवा, मग काळपट. बाण नेला. लिंक हिरवीच! चौकोनात पिवळा ढळढळीत दिसतोय, पान मात्र ढिम्म. पुन्हा निवडला. बाहेर ४४ अंश. उठून कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, येऊन पुन्हा निवडला. शेवटी, जो उघडावा लागू नये म्हणूनच हे सॉफ्टवेअर घेतलं होतं, तो कोडचा टॅब उघडला.

नियम मी निवडले त्याच क्रमाने लिहिलेले. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेत, सारख्या वजनाचे नियम भांडले, की जो शेवटी लिहिला त्याचं खरं. आमच्या घरात आजी सगळ्यांच्या शेवटी बोलते, तसंच. माझा हॉवर, म्हणजे बाण नेल्यावरचा पिवळा, बसला होता सगळ्यांत वर, आणि खालचे दोघे त्याला पिकू देत नव्हते. आधी लिंक, मग व्हिजिटेड (उघडून झालेली), मग हॉवर, शेवटी ॲक्टिव्ह (दाबतानाची), अशा ओळी लावल्या. पिवळी झाली! खोलीत मी एकटाच होतो, तरी टाळी वाजवली.

(मेनूच्या हिरव्या पट्टीतल्या लिंका पांढऱ्या करायला गेलो, तर पानभरच्या पांढऱ्या होऊन पांढऱ्या कागदात गडप झाल्या. ती दुपार सांगण्यासारखी नाही. पट्टीला कोडमध्ये वेगळं नाव (क्लास) दिलं, सुटलो.)

संध्याकाळी मामाचा फोन. ट्रक भरता भरता तो मोबाइलवर बघत होता. मोबाइलला कुठला आलाय बाण? बोट टेकलं की थेट पुढचं पान. मागे येऊन बघतो, तर लिंक काळपट.

"भाऊ, तुहं केयं पिकलंच नाही," मामा म्हणाला, "बोट लावलं तं डायरेक्ट सडलं!"