दाणे मोजायचे की रोपे? एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

तीन जनुके गव्हाच्या दाण्याचा रंग ठरवत असतील, तर संकराच्या दुसऱ्या पिढीत ६३ लालांमागे एक पांढरा (६३:१) येतो, असे मी लेखात लिहिले होते. त्यावर लाल आणि पांढऱ्या गव्हाचा संकर आपण नेरुळच्या गच्चीत कुंड्यांमध्ये केलात, त्या बियांपासून आलेल्या रोपांच्या ओंब्यांतले चारशेच्या आसपास दाणे मोजलेत, आणि त्यांत पांढरा एकही न सापडल्याने ‘रंग दुधात पाणी मिसळावे तसा मिसळतो, ६३:१ हे प्रमाण पुस्तकापुरतेच’ असे प्रतिक्रियेत लिहिलेत. आपली मोजणी बरोबर आहे. चूक माझ्या लेखातली आहे. ‘चौसष्ट दाण्यांत एक पांढरा’ असे मी लिहून गेलो, तिथे ‘चौसष्ट रोपांत एक’ असे हवे होते.

गव्हाचा लाल रंग दाण्याच्या बाहेरच्या आवरणात असतो आणि ते आवरण मातृरोपाच्या पेशींचे बनते. (काल ठाण्यात घरीच खपलीचा लालसर दाणा रात्रभर भिजवून त्याचा पापुद्रा नखाने सोलला, आतला भाग लोकवनसारखाच फिका निघाला.) त्यामुळे आतल्या गर्भात कोणतीही जनुके आलेली असोत, संकरित रोपावरचे सगळे दाणे त्या रोपाचाच रंग दाखवतात. आपली रोपे ही पहिली पिढी; त्यांवरचे चारशे दाणे दुसऱ्या पिढीचे खरे, पण त्यांचा रंग पहिल्या पिढीचा आहे.

आता मिसळण्याविषयी. दुधात गेलेले पाणी पुन्हा वेगळे होत नाही; पांढरा दाणा मात्र दुसऱ्या पिढीच्या रोपांवर परत येतो. स्वीडनचे वनस्पती-प्रजननशास्त्रज्ञ निल्सन-एले यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या कामात याहून पक्का पुरावा आहे, कारण त्यांनी दुसऱ्या पिढीतल्या प्रत्येक रोपाची संतती वेगळी वाढवून तपासली. तीन जनुके असतील तर ६४ पैकी ३७ रोपांची संतती पूर्ण लाल, ८ रोपांची ६३:१, १२ रोपांची १५:१, ६ रोपांची ३:१ आणि एका रोपाची पूर्ण पांढरी निघायला हवी. नुसत्या मिसळणीतून असे वेगवेगळे गट पडण्याचे कारण नाही.

गव्हाचे उत्पादन जनुकांबरोबर हवामानावरही अवलंबून असते, मग त्यातला जनुकांचा वाटा कसा ओळखायचा, हा आपला आक्षेप मान्य आहे. म्हणूनच तिथे सरासरीपेक्षा फैलाव पाहतात: एकाच शेतात पहिल्या पिढीतला फरक परिस्थितीचा, आणि दुसऱ्या पिढीत त्यावर वाढलेला फरक जनुकांचा.

ते चारशे दाणे जपून ठेवा आणि नोव्हेंबरात पेरा. तीन जनुके धरली तर पांढऱ्या दाण्यांचे किमान एक रोप मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास १९१ रोपे लागतील, एकच जनुक असेल तर ११ पुरतील. १९१ रोपे गच्चीत मावणार नाहीत, तेव्हा गावाकडे कोणाच्या वावरात दोन ओळी मागून घ्या. फक्त प्रत्येक रोपाची मळणी वेगळी करून दाणे वेगळ्या पाकिटात ठेवा.