जुन्या जाळ्यांच्या पिशव्या: वास, तुकडे आणि भंगार

नमस्कार.

तुम्ही लिहिलंत, "जुन्या जाळ्यांच्या पिशव्या म्हणजे कचऱ्याची रंगरंगोटी. वास जात नाही, वर्षभरात तुकडे पडतात आणि ते पुन्हा समुद्रातच जातात. त्यापेक्षा सरळ भंगारात द्या." तुकड्यांची भीती खरी आहे, पण ती सगळ्याच जाळ्यांना लागू नाही. जाळं कशाचं आहे आणि त्याने किती ऊन खाल्लंय, हे आधी बघावं लागतं.

बादलीत गोडं पाणी घ्या, साबणाचे दोन थेंब टाका आणि दोऱ्याचा तुकडा आत चोळून त्यातली हवा काढा. तळाला गेला तर बहुधा नायलॉन. कांडाळीची, म्हणजे मासे अडकवायच्या उभ्या जाळ्याची, तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा) अशी बुडते. वर आला तर पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीन. जाड दोर आणि हिरवी-निळी जाळी बहुधा यातली. मग दोऱ्याला गाठ मारून झटका द्या, आणि दोरा काळ्या फडक्यावर घासा. गाठीत तुटला किंवा फडक्यावर पांढरी भुकटी आली तर त्या जाळ्याचं काहीही करू नका. किनाऱ्यावर उन्हात पडून राहिलेलं जाळं बहुतेकदा इथेच बाद होतं. मच्छीमारांकडे दुरुस्तीत कापून निघालेले, सावलीत राहिलेले तुकडे मागा.

वास नायलॉनचा नसतो. गाठींत अडकलेला मासळीचा चिकटा आणि शेवाळ कुजतं, त्याचा असतो. तीन दिवस गोड्या पाण्यात भिजत ठेवा, पाणी रोज बदला, मग कपडे धुण्याची पावडर घालून ब्रशने एकेक गाठ घासा. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढत राहतं आणि पावसाळ्यात जाळी पुन्हा चिकट होते. इथेच बरेच जण संडास साफ करायचं ॲसिड किंवा ब्लीच वापरतात. पॉलिइथिलीन ते सोसतं, नायलॉन मात्र आतून कमकुवत होतं, आणि तुम्ही म्हणता तशी पिशवी तुटते ती यामुळेही. वाळवायचं ते सावलीतच.

रंगाबद्दल तुमच्याशी सहमत. पॉलिइथिलीनवर ऑइलपेंट धरत नाही, पापुद्रे सुटतात आणि प्लास्टिकच्या कचऱ्यात भरच पडते. आहे तोच निळा-हिरवा रंग ठेवावा, तो सुंदर असतो.

कापताना कात्री गाठीला चिकटवून चालवू नका, गाठ सुटते. गाठीपासून सेंटीमीटरभर दोरा सोडा. टोक मेणबत्तीजवळ नेऊन जेमतेम वितळवा, तेही उघड्यावर. पॉलिइथिलीन साधारण १३० अंशांना वितळतं, नायलॉनला २२० लागतात. म्हणून एकाच सवयीच्या हाताने दोन्ही भाजली तर पॉलिइथिलीनचा टोकदार गोळा होतो आणि तो हात कापतो.

सोललेले दहा नारळ टांगायची जाळी करायची असेल तर ३० ते ४० मिलीमीटर आसाचा (आस म्हणजे जाळ्याचं एक भोक) तुकडा घ्या. जाळं ओढल्यावर आस ज्या दिशेने लांब होऊन मिटतात, ती दिशा उभी ठेवा. आडवी ठेवलीत तर जाळी खाली फुगते आणि सगळा भार चार-पाच गाठींवर येतो. तळाच्या आसांतून दोरी दोनदा ओवून घट्ट बांधा, दुप्पट वजन रात्रभर टांगून बघा, मगच वापरा. भांडी घासायची घासणी आणि पायपुसणं मात्र जाळ्याचं करूच नये. घासलं की तंतू झडतात आणि सांडपाण्यात जातात.

भंगाराबद्दल: एकाच जातीचं, स्वच्छ, किलोने जाण्याइतकं नायलॉन असेल तर ते भंगारातच जावं, हे माझंही मत. नायलॉन ६ रासायनिक प्रक्रियेने मूळ घटकापर्यंत नेऊन पुन्हा नायलॉन करता येतं. पिशव्या कराव्यात त्या हातभर लांबीच्या, कोणी न घेणाऱ्या तुकड्यांच्या. शिशाच्या गोळ्या आधी काढून वेगळ्या द्या, घरी वितळवू नका. आणि नायलॉनला नायलॉनच्याच दोऱ्याने शिवा. चेन, अस्तर, मणी काही लावू नका, म्हणजे पिशवी जुनी झाल्यावर सुटं न करता तशीच भंगारवाल्याला देता येईल.