जॉश गिब्सनला विक्रम कोणी दान दिलेला नाही

मराठी क्रीडाप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगने, २०२४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या ‘निग्रो लीग’चे आकडे अधिकृत नोंदीत धरताना ‘मेजर लीगचा एकही सामना न खेळलेल्या’ जॉश गिब्सनला फलंदाजीच्या सर्वोच्च सरासरीचा विक्रम बहाल केला आणि हा अपराधगंडातून केलेला राजकीय दानधर्म आहे, असा त्याचा सूर आहे. गिब्सनचा १९४३चा हंगाम सत्तर सामन्यांचाही नव्हता, त्याचे आकडे ऐकीव आहेत, ज्या लीगमध्ये तो खेळला तिथले सामने जत्रेतल्या कुस्त्यांच्या तोडीचे होते, आणि मुळात कृष्णवर्णीयांवर बंदी घालणारा कोणताही नियम नसताना त्यांनी स्वखुशीने वेगळी चूल मांडली होती, अशी विधाने त्यात एकापाठोपाठ एक येतात. शेवटी ‘हे म्हणजे गल्ली क्रिकेटच्या धावा सचिनच्या खात्यात जमा करण्यासारखे आहे’ असा टोमणा आहे.

हा मजकूर गटांपुरता राहिला असता तर मी त्याकडे दुर्लक्ष केले असते. पण माझ्या थोरल्या बंधूंनी तो पिट्सबर्गला राहणाऱ्या आपल्या नातवाला पाठवला. हा मुलगा शाळेच्या संघात कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, आहे. गिब्सनही कॅचर होता आणि त्याच शहरात वाढला होता. दादांनी पाठवण्याआधी पाच मिनिटे शोध घेतला असता, तर पुढचे सगळे लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

यातले सर्वांत घातक विधान शेवटी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच केली पाहिजे. ‘बंदीचा नियम नव्हता’ हे वाक्य संदेशलेखकाचे स्वतःचे नाही. बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस ऐंशी वर्षांपूर्वी तेच म्हणत होते, आणि तेही नेमके १९४३ मध्ये, गिब्सनच्या त्याच हंगामानंतर. त्या वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला क्लबमालकांची हिवाळी बैठक भरली होती. तेव्हा ब्रॉडवेवर ‘ऑथेल्लो’ची भूमिका करणारे पॉल रोबसन आणि कृष्णवर्णीय वृत्तपत्रांचे प्रकाशक त्या बैठकीपुढे आले आणि त्यांनी दारे उघडण्याची विनंती केली. मालकांनी ती ऐकून घेतली. त्यानंतर कोणत्याही क्लबला हवे तितके कृष्णवर्णीय खेळाडू घेण्याची पूर्ण मुभा आहे, असे निवेदन निघाले. त्या वेळी मेजर लीगमध्ये सोळा क्लब होते. मुभा सोळाही क्लबांना होती, तरीही १९४७च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरेपर्यंत त्यांपैकी एकाच्याही मेजर लीग संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ज्या नियमाचा एका क्लबकडूनही कधी भंग होत नाही, तो नियम कागदावर नाही म्हणून अस्तित्वातच नव्हता असे मानायला विलक्षण भाबडेपणा लागतो.

‘स्वखुशी’चा इतिहासही तपासून पाहावा. मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर १८८४ मध्ये टोलीडो संघाकडून मेजर लीगच्या दर्जाच्या अमेरिकन असोसिएशनमध्ये खेळला होता. म्हणजे सुरुवातीला चूल एकच होती. जुलै १८८७ मध्ये मेजरहून खालच्या दर्जाच्या इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंचे नवे करार मंजूर न करण्याचा ठराव केला, आणि त्याच सुमारास शिकागोचा कर्णधार कॅप ॲन्सन याने कृष्णवर्णीय पिचर (चेंडू फेकणारा) असलेल्या संघाविरुद्ध खेळायला नकार दिला. त्यानंतर काही वर्षांतच वरच्या दर्जाचे व्यावसायिक बेसबॉल पूर्णपणे गोऱ्यांचे झाले. रूब फॉस्टरने कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग स्थापन केली ती १९२०च्या फेब्रुवारीत, म्हणजे दार बंद झाल्यावर तीन दशके उलटून गेल्यानंतर.

एवढ्यानेही समाधान होत नसेल तर मालकांचाच कागद पाहावा. ऑगस्ट १९४६ मध्ये न्यूयॉर्क यँकीजचे लॅरी मॅकफेल यांच्या अध्यक्षतेखालील सुकाणू समितीने क्लबमालकांसाठी एक गोपनीय अहवाल तयार केला. १९५१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीत तो उघड झाला. त्यात वंशाच्या प्रश्नावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातला युक्तिवाद आजही वाचताना थक्क करतो. समितीने हिशेब मांडला होता की, यँकी स्टेडियम आणि नेवार्क, कॅन्सस सिटी, नॉरफोक येथील मैदाने निग्रो लीगच्या सामन्यांसाठी भाड्याने दिल्यामुळे एकट्या यँकीज संस्थेला वर्षाला जवळपास एक लाख डॉलर मिळतात. चांगले खेळाडू मेजर लीगकडे गेले तर निग्रो लीग टिकणार नाहीत आणि हे भाडे बुडेल, अशी चिंता त्यात होती. कृष्णवर्णीय प्रेक्षक मोठ्या संख्येने येऊ लागले तर काही क्लबांच्या मालमत्तेची किंमत घसरेल, असेही त्यात सुचवले होते. ज्यांना त्या लीगचे सामने जत्रेचे वाटतात त्यांनी थोडा विचार करावा, कारण त्या काळच्या सर्वांत श्रीमंत क्लबच्या प्रमुखाला ते बुडतील याची भीती वाटत होती. आणि ज्यांना ती वेगळी चूल स्वखुशीची वाटते त्यांनी हेही पाहावे की, तिचे भाडे नेमके कोण वसूल करत होते.

‘सत्तर सामन्यांचाही नसलेला हंगाम’ या आक्षेपाचे उत्तर याच व्यवहारात दडलेले आहे. १९४३ मध्ये गिब्सन होमस्टेड ग्रेज या संघाकडून खेळत होता. पिट्सबर्गचे फोर्ब्स फील्ड आणि वॉशिंग्टनचे ग्रिफिथ स्टेडियम ही त्यांची घरची मैदाने होती, पण दोन्ही गोऱ्या क्लबांच्या मालकीची. तिथला गोरा संघ दौऱ्यावर गेला की मैदान मोकळे होई, आणि मग ग्रेजचा सामना ठरे. लीगचे सामने बहुधा रविवारी, एकामागोमाग दोन असे उरकले जात; आठवड्याच्या बाकी दिवसांत संघ गावोगावी हिंडून स्थानिक संघांशी खेळे, कारण पगार त्यातूनच निघत असे. या फिरत्या सामन्यांमुळे खेळाडूंचे वर्षाचे एकूण सामने मेजर लीगपेक्षा कमी भरत नसत, पण त्यांपैकी एकही अधिकृत आकडेवारीत धरलेला नाही. धरले आहेत ते फक्त लीगचे. थोडक्यात, हंगाम आखूड होता तो मैदान दुसऱ्याचे होते म्हणून, आणि आता त्याच आखूडपणाचा ठपका खेळाडूवर ठेवला जातो.

शिवाय आखूडपणाची ही कसोटी बाकीच्यांना कोणी लावलेली नाही. १९६८–६९ मध्ये कोणत्या लीगला ‘मेजर’ म्हणायचे हे ठरवण्यासाठी पाच जणांची समिती नेमली गेली, आणि पाचही सदस्य गोरे होते. त्यांनी १८८४ची युनियन असोसिएशन मेजर ठरवली. ही लीग एका हंगामात गुंडाळली गेली. तिच्यात सेंट पॉल नावाचा एक संघ जेमतेम ९ सामने खेळला आणि त्यांपैकी एकही घरच्या मैदानावर झाला नाही. तरीही त्या संघाचे खेळाडू १९६९ पासून अधिकृत नोंदीत विराजमान आहेत. निग्रो लीगचा विषय मात्र त्या समितीसमोर चर्चेलाही आला नाही. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर २०२० पाहा. साथीमुळे मेजर लीगचा हंगाम ६० सामन्यांचा झाला, आणि तिच्या दोन विभागांपैकी अमेरिकन लीगमध्ये ०.३६४च्या सरासरीने डी. जे. लमेह्यू फलंदाजीचा विजेता ठरला. त्याचा किताब काढून घ्या असे सांगणारा संदेश माझ्यापर्यंत तरी आलेला नाही.

गिब्सनची १९४३ची सरासरी ०.४६६ आहे, म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींमागे ४६६ यशस्वी फटके. त्याआधी हा विक्रम १८९४ मधल्या ह्यू डफीच्या ०.४४० या सरासरीचा होता. पिचरला आणखी मागे उभे करण्याचा नियम येऊन त्या वेळी जेमतेम वर्ष झाले होते आणि सगळ्यांच्याच सरासरी फुगल्या होत्या. तेव्हा ‘शुद्ध’ विक्रम मोडल्याची हळहळ जरा आवरती घ्यावी. एका हंगामासाठीची पात्रता संघाने खेळलेल्या सामन्यांच्या प्रमाणात मोजली जाते, आणि ती सर्वांना एकच आहे.

येथे एक गोष्ट मान्य करायला हवी, जरी संदेशलेखकाने ती मांडलेली नसली तरी. संपूर्ण कारकिर्दीच्या यादीत गिब्सन ०.३७२ सह टाय कॉबच्या ०.३६७च्या पुढे गेला, आणि त्यासाठी किमान संधींची अट निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी कमी ठेवावी लागली. त्यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. थोड्या सामन्यांत सरासरी वर-खाली होण्याची शक्यता जास्त असते, हे गणितही खरे आहे. पण ‘वाद होऊ शकतो’ आणि ‘दान दिले’ यांत फार अंतर आहे.

गल्ली क्रिकेटच्या टोमण्याबद्दल इतकेच, की मुंबईकराने तरी तो मारू नये. विजय मर्चंट यांची रणजी करंडकातील सरासरी ९८.७५ आहे, आणि त्या काळी मुंबईला एका मोसमात रणजीचे मोजकेच सामने मिळत. तो आकडा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवा.

आकडे ‘ऐकीव’ असल्याचा दावा मात्र निव्वळ अज्ञान आहे. संशोधकांनी ‘पिट्सबर्ग कुरियर’, ‘शिकागो डिफेंडर’ यांसारख्या वृत्तपत्रांतील सामन्यागणिक तक्ते वर्षानुवर्षे वेचून ही आकडेवारी उभी केली आहे. ती अपुरी आहे, हे बेसबॉलचे अधिकृत इतिहासकार जॉन थॉर्न स्वतः सांगतात; साधारण तीन चतुर्थांश नोंदी हाती आल्याचा त्यांचा अंदाज आहे. पण जे सापडलेले नाही ते कोणाच्याही खात्यात भरलेले नाही.

दर्जाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. दार उघडल्यावर काय झाले ते पाहिले की पुरे. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत मेजर लीगचा दुसरा विभाग असलेल्या नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब नऊ वेळा निग्रो लीगमधून आलेल्यांनी पटकावला, आणि ते होते रॉबिन्सन, कँपनेला, मेझ, न्यूकम, आरन आणि बँक्स. जत्रेत एवढे पहिलवान तयार होत असतील तर ती जत्रा भलतीच मोठी म्हणायची. खुद्द १९४३ च्या ऑगस्टमध्ये निग्रो लीगच्या निवडक संघांचा पूर्व-पश्चिम सामना पाहायला शिकागोच्या कमिस्की पार्कमध्ये ५१,०००हून अधिक लोक जमले होते. त्याच वर्षी मेजर लीगच्या ऑल-स्टार सामन्याला फिलाडेल्फियात सुमारे ३२,००० प्रेक्षक होते. युद्धामुळे त्या वर्षी दोन्हीकडचे काही चांगले खेळाडू लष्करात होते, हे खरे. पण टेड विल्यम्स आणि जो डिमॅजिओ गैरहजर होते म्हणून मेजर लीगचा १९४३चा हंगाम कोणी रद्दबातल ठरवत नाही. त्या ग्रेज संघात बक लेनर्ड आणि कूल पापा बेल होते, आणि त्यांनी निग्रो लीगच्या जागतिक मालिकेत बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सना चार विरुद्ध तीन असे हरवले. वर्षाच्या सुरुवातीलाच गिब्सन बेशुद्धावस्थेत रुग्णालयात होता आणि त्याच्या मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले होते. २० जानेवारी १९४७ रोजी तो गेला, रॉबिन्सनच्या पदार्पणाला तीन महिनेही उरले नसताना, वयाच्या ३५व्या वर्षी. त्याने मेजर लीगचा सामना न खेळण्याचे कारण संदेशलेखकाला आता तरी विचारावे लागू नये.

राहिला ‘दानधर्म’. गिब्सनच्या सन्मानफलकावर सर्व प्रकारचे सामने मिळून जवळपास ८०० होमरनचा (आपल्या षटकारासारख्या फटक्यांचा) उल्लेख आहे, आणि ते सगळे अधिकृत यादीत घुसडले गेले असे संदेशात सूचित केले आहे. प्रत्यक्षात मेजर लीगने त्याच्या नावावर दोनशेही होमरन धरलेले नाहीत, आणि होमरनचा विक्रम ७६२ सह बॅरी बाँड्सकडेच आहे. विली मेझच्या खात्यात १९४८ मधील ब्लॅक बॅरन्सचे १० हिट (यशस्वी फटके) जमा झाले आणि त्याचे एकूण हिट ३,२९३ झाले. होमरन मात्र ६६०चे ६६०च राहिले. हँक आरन १९५२ मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्सकडून खेळला होता, पण मान्यता फक्त १९२० ते १९४८ या काळातल्या सात लीगना असल्याने त्याच्या ७५५ होमरनमध्ये एकाचीही भर पडली नाही.