पेन कुणाच्या हातात आहे?

परवा एका जुन्या सहकारी प्राध्यापकांचा फोन आला. त्यांच्या कॉलेजात विद्यार्थी सहाय्य केंद्र, म्हणजे अभ्यासात अडलेल्या मुलांना मदत मिळण्याची जागा, सुरू होतंय. "खोली मिळाली, टेबलं आली, फळा लावून झाला. अजून काय लागेल सांगा मॅडम," म्हणाले. तासभर बोललो तरी माझं निम्मं सांगायचं राहिलंच. अशा केंद्रात माझी बरीच वर्षं गेली आहेत, हा विषय निघाला की मला थांबता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सर, खोलीचं नंतर बघू. ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तोच विद्यार्थी त्या खोलीत पाऊल टाकत नाही, सुरुवात तिथून करा.

आमच्या पहिल्या वर्षी दारावर पाटी होती, 'अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन'. हेतू चांगलाच होता. एक मुलगी रोज दुपारी त्या दारापर्यंत यायची, पाटीकडे बघायची आणि मोबाईल कानाला लावून बोलत बोलत पुढे निघून जायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती माझ्या अगदी जवळून गेली तेव्हा दिसलं, फोन बंदच होता. पलीकडे कुणी नव्हतंच. आत जाताना कुणी पाहिलं तर 'ढ' म्हणून शिक्का बसेल, या भीतीने ती रोज हे नाटक करत होती. ती पाटी मी त्याच संध्याकाळी उतरवली.

पण नुसती पाटी उतरवून भागत नाही. मदत कुणाला द्यायची, हा विचारच बदलावा लागतो. 1973 साली अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत डिआना मार्टिन यांनी सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन ही पद्धत सुरू केली. तिचं मर्म मला आजही थक्क करतं. त्यांनी कच्चे विद्यार्थी शोधले नाहीत, कठीण विषय शोधले. ज्या विषयात 30 टक्के किंवा त्याहून जास्त मुलं नापास होतात, काठावर राहतात किंवा विषयच सोडून देतात, त्या विषयाला मदत जोडायची आणि ती वर्गातल्या सगळ्यांसाठी खुली ठेवायची. तोच विषय आधी उत्तम पास झालेला विद्यार्थी पुन्हा त्या वर्गात जाऊन बसतो, नोट्स काढतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा गटाचा अभ्यास घेतो. कुणाच्याच कपाळावर काही लिहिलं जात नाही. आम्ही पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्राला हे लागू केलं. पहिल्या रांगेतली मुलं आधी आली आणि त्यांच्या आडोशाने मागच्या बाकांवरची आली. ती फोनवाली मुलगीही त्यातच होती.

अमेरिकेतले गणिताचे शिक्षक युरी ट्रीझमन यांचं कामही इथे सांगायलाच हवं. 1970 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत कॅल्क्युलस या गणिताच्या विषयात कृष्णवर्णीय मुलं का मागे पडतात, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. सहकाऱ्यांचे अंदाज ठरलेले होते: पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, इच्छाच नाही. ट्रीझमन मुलांच्या सोबत राहिले, ती कशी अभ्यास करतात ते पाहिलं. मुलं कष्ट भरपूर करत होती, पण एकेकटी. त्याच विषयात पुढे असलेली चिनी वंशाची मुलं मात्र एकत्र बसून गणितं सोडवायची, एकमेकांच्या चुका काढायची. मग ट्रीझमन यांनी कार्यशाळा सुरू केल्या. त्यात सोपी उजळणी ठेवली नाही. नेहमीपेक्षा अवघड गणितं आणि ती सोडवायला गट. मला वाटतं, मुलांना दिलेला हा खरा मान आहे. 'तुला जमत नाही, ये' आणि 'हे अवघड आहे, ये, मिळून बघू' यातला फरक मुलांना दारातूनच कळतो.

आता ट्यूटरकडे, म्हणजे केंद्रात बसून इतरांना शिकवणाऱ्या विद्यार्थ्याकडे येते, कारण केंद्र चालतं ते त्याच्यावर.

टॉपर म्हणजे चांगला ट्यूटर, हा समज सोडून द्या. ज्याला पहिल्या फटक्यात कळलं, त्याला समोरचा कुठे अडलाय हे बरेचदा दिसतच नाही. आमच्याकडे एक अतिशय हुशार मुलगा ट्यूटर होता. त्याच्या टेबलाजवळ मी एकदा मुद्दाम बसले. समोरच्या मुलीने गणित दाखवलं, "दादा, इथे अडलंय." त्याने तिची वही स्वतःकडे वळवली, पेन घेतलं आणि भराभर सात ओळी लिहिल्या. सुबक, अचूक. "समजलं?" ती "हो" म्हणाली. तो उठून गेल्यावर मी तिला तेच गणित आकडे बदलून दिलं. पहिल्या ओळीला ती थांबली आणि तिचे डोळे भरून आले. "आत्ताच तर कळलं होतं हो मॅडम!"

त्या दिवसापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. वही विद्यार्थ्याकडेच राहणार आणि पेन त्याच्याच हातात. ट्यूटरला काही लिहायचं असेल तर वेगळ्या कागदावर, तेही दुसरं उदाहरण. आणि "समजलं का?" हा प्रश्न बंद. त्याला "हो" याखेरीज उत्तर मिळत नाही. त्याऐवजी "ही पायरी का घेतली, मला सांग," "आता तू मला शिकव," असं विचारायचं.

आणि विचारल्यावर थांबायचं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकातच दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली तरी मुलांची उत्तरं लांबतात, सुधारतात, "माहीत नाही" कमी होतं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. नव्या ट्यूटरला प्रशिक्षणात ते पाळायला लावा, घाम फुटतो. हे आपोआप येत नाही, शिकवावंच लागतं. ट्यूटर-प्रशिक्षणाला प्रमाणपत्र देणाऱ्या सीआरएलए या अमेरिकी संस्थेच्या पहिल्या पातळीलाच 10 तासांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष शिकवण्याचे 25 तास लागतात. आपण मात्र अर्ध्या तासाची मीटिंग घेऊन मुलांना टेबलावर बसवतो. आणि हो, ट्यूटरना मानधन द्या. फुकट काम करून घेतलं तर परीक्षा जवळ आली की ते येणार नाहीत, आणि त्यांना बोल लावायचा हक्कही आपल्याला राहणार नाही.

केंद्राचा प्रस्ताव लिहिताना अमेरिकी शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा 1984 चा निष्कर्ष सगळेच टाकतात: एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गापेक्षा दोन प्रमाण विचलनांनी (वर्गातले गुण सरासरीभोवती किती पसरलेत, त्याचं हे माप) पुढे गेला. पण त्या प्रयोगात नुसती शिकवणी नव्हती, ठरावीक टप्प्यांवर चाचणी आणि राहिलेलं पक्कं करून घेणं हेही होतं. संशोधक कर्ट व्हॅनलेन यांनी 2011 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा माणसाने दिलेल्या शिकवणीचा परिणाम याच मापात सुमारे 0.79 निघाला. हासुद्धा मोठाच आहे. व्यवस्थापनाला हाच आकडा द्या, दोनचं स्वप्न दाखवू नका.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. एक मुलगा आमच्याकडे यायचा आणि टेबलावर डोकं ठेवून झोपायचा. ट्यूटरची तक्रार आली, याला रस नाही. विचारलं तर तो रात्रपाळी करून थेट कॉलेजात येत होता. त्याला त्या क्षणी इंटिग्रेशनची गरज नव्हती. वेळापत्रक कुणीतरी बदलून देण्याची होती, फी भरायच्या हप्त्यांची होती. केंद्रात शिकवणीच्या शेजारच्याच टेबलावर समुपदेशक आणि शैक्षणिक सल्लागार हवेत, ते याचसाठी. 'अमुक खोलीत जा' म्हणून पाठवलेला विद्यार्थी वाटेत हरवतो. त्याला हाताला धरून न्यावं लागतं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये एएसएपी नावाचा कार्यक्रम सुरू केला: शिकवणी, नेमून दिलेला सल्लागार, उरलेली फी माफ, प्रवासाचा पास, सगळं एकत्र. विद्यार्थ्यांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी करून त्याची तपासणी झाली. तीन वर्षांत पदविका पूर्ण करणारे कार्यक्रमातले 40 टक्के, बाहेरचे 22. यातला कुठलाही एक तुकडा एकटा देऊन हे झालं असतं, असं मला वाटत नाही.

नोंदींबद्दल थोडंसं. रजिस्टरमधल्या सह्या मोजून खूश होऊ नका, तोच विद्यार्थी दुसऱ्यांदा आला का ते बघा. येणारे आणि न येणारे यांचे निकाल शेजारी मांडून 'आमच्यामुळे झालं' असंही म्हणू नका, कारण येणारी मुलं मुळातच धडपडी असू शकतात. निदान त्यांचे आधीचे गुण तरी सोबत धरा. आणि कोण येतं याची यादी विद्यार्थ्याला न विचारता प्राध्यापकांना देऊ नका. आमच्याकडे एकदा अशी यादी स्टाफरूममध्ये वाचली गेली. त्या यादीतली तीन मुलं पुन्हा कधीच आली नाहीत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

फोन ठेवता ठेवता सरांनी विचारलं, "उद्घाटन परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात ठेवू का? तेव्हा गर्दी होईल." नको हो सर. तेव्हा येतील ती घाबरलेली मुलं, आणि त्यांना हवी असतील फक्त उत्तरं. सत्राच्या दुसऱ्याच आठवड्यात सुरू करा, पहिल्या चाचणीच्या आत. ट्यूटरना वर्गावर्गात पाठवा, त्यांची तोंडओळख होऊ द्या. आणि संध्याकाळचे दोन तास तरी केंद्र उघडं ठेवा, काम करून शिकणाऱ्या मुलांना तेवढीच वेळ मिळते.